बहुविधतेचे प्रकरण आणि तिगावचा घाट : व्यवस्थापनशास्त्रातील एका गृहीतकाची चिकित्सा

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या पदवी अभ्यासक्रमात 'संघटन वर्तन' या विषयाखाली सांस्कृतिक बहुविधतेवर एक प्रकरण हमखास असते. कम्युनिटी कॉलेजांच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांतही ते संक्षिप्त रूपात उतरले आहे. प्रकरणाची मांडणी साधारणपणे ठरलेली असते. आधी बहुविधतेची व्याख्या, मग तिचे फायदे, मग तिच्यामुळे येणाऱ्या अडचणी, मध्ये गेर्ट हॉफस्टेड यांचा तक्ता आणि शेवटी उपाय म्हणून प्रशिक्षण, संवेदनशीलता व सक्षम नेतृत्व. विद्यार्थी 'भारत : सत्ता-अंतर ७७' हा आकडा पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत उतरवतो. हा आकडा नेमका कोणाचा, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो.

हॉफस्टेड यांनी सुमारे १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या एकाच बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवर आपली मांडणी उभी केली. त्यांचा मूळ ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. सत्ता-अंतर, व्यक्तिवाद, अनिश्चितता टाळण्याची वृत्ती अशा मोजपट्ट्यांवर प्रत्येक देशाला त्यांनी एकेक गुण दिला. भारताचे गुण ज्या कंपनीच्या नोकरवर्गावरून काढले गेले ती कंपनी १९७८ मध्ये भारतातून निघून गेली, आकडा मात्र पाठ्यपुस्तकात मुक्कामाला राहिला. इतक्या मोठ्या देशाची संस्कृती एका संगणक कंपनीच्या शहरी, इंग्रजी जाणणाऱ्या कर्मचाऱ्यांत मोजता येते, हे गृहीतक मान्य केल्याशिवाय तक्त्याला अर्थ उरत नाही. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये 'ह्यूमन रिलेशन्स' या नियतकालिकात या गृहीतकावर सविस्तर टीका केली. ती टीका मराठी पाठ्यपुस्तकांपर्यंत फारशी पोहोचलेली दिसत नाही.

विशेष म्हणजे हॉफस्टेड यांचेच नंतरचे एक संशोधन या प्रकरणाच्या विरुद्ध साक्ष देते. १९९० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह डेन्मार्क व नेदरलँड्समधील दहा संस्थांच्या वीस घटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका संस्थेपासून दुसरी संस्था वेगळी ठरते ती माणसांच्या मूल्यांपेक्षा त्यांच्या रोजच्या कामाच्या प्रथांमुळे, असा त्याचा रोख होता. पाठ्यपुस्तककारांनी १९८० चा तक्ता उचलला आणि १९९० चा निष्कर्ष मागे ठेवला. तक्ता शिकवायला सोपा असतो हे त्याचे एक कारण असावे.

गृहीतक तपासण्यासाठी खरोखरच अवाढव्य आणि खरोखरच बहुविध अशी संस्था हवी, आणि ती मुख्यालयातून न पाहता तिच्या कडेवरून पाहायला हवी. भारतीय रेल्वे ही अशी संस्था आहे. सुमारे बारा लाख कर्मचारी, सत्तरच्या आसपास विभाग आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील जवळजवळ प्रत्येक भाषेचा माणूस तिच्या हजेरीपटावर सापडतो. कड म्हणून तिगाव सोयीचे आहे.

एका जिल्ह्यातील दोन रेल्वे

तिगाव, हिंदीत तीगाँव, हे मध्य प्रदेशातील पांढुर्णा तालुक्यातले गाव. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या मध्य प्रांतातील नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांत घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी रीत पडली. आसपासच्या डोंगराळ भागात गोंडी आणि कोरकू आहेत. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या छोट्या जिल्ह्यात रेल्वेचे दोन झोन आहेत. पांढुर्णा आणि तिगाव ही स्थानके दिल्ली–चेन्नई या मुख्य मार्गावर, मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतात. त्यांचे मुख्यालय मुंबईला. सौंसर मात्र नागपूर–छिंदवाडा मार्गावर, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात आहे. त्याचे मुख्यालय बिलासपूरला. दोन्ही विभागांची कार्यालये नागपुरातच, नावही तेच, पण विभागीय व्यवस्थापक वेगळे. एकीचा वारसा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे १८५३ च्या बोरीबंदर–ठाणे गाडीपासूनचा. दुसरीचा बंगाल नागपूर रेल्वेचा. सौंसरची अरुंद रूळमार्गाची गाडी २०१५ मध्ये रूळ रुंदीकरणासाठी बंद झाली तोवर हा फरक कोणालाही डोळ्यांनी दिसत असे. आता दोन्हीकडे मोठे रूळ आहेत.

हॉफस्टेड यांच्या तक्त्यानुसार या दोन्हीकडची माणसे एकाच गुणांची. भाषा, धर्म, जात, पीक, बाजार या सर्व बाबतींतही पांढुर्णा आणि सौंसर सारखेच आहेत. तरीही दोन्हीकडच्या कर्मचाऱ्याची बदली वेगळ्या दिशेला होते, तक्रार वेगळ्या शहरात जाते आणि 'आमच्या रेल्वेत' हे शब्द वेगळ्या अर्थाने उच्चारले जातात. कर्मचाऱ्याला घडवणारी संस्कृती कोणती, याचे उत्तर या उदाहरणातच बरेचसे आले आहे.

घाटात भाषा कशी ओलांडली जाते

तिगाव आणि चिचोंडा यांच्या दरम्यान गाडी सातपुड्याचे पठार चढते किंवा उतरते. मध्य रेल्वेच्या नागपूर विभागातील हा एक घाट आहे. जड मालगाडी उताराला लागली की ब्रेकवरचा भरवसा, चालकाची मार्गाची जाण आणि दोन स्थानकांमधील समजूत या तिन्ही गोष्टींची परीक्षा होते. चालक तेलुगू भाषक असू शकतो, गार्ड बिहारचा, स्टेशन मास्तर मराठी आणि रुळावरचा गँगमन गोंडी बोलणारा. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने हा 'बहुसांस्कृतिक संघ' आहे आणि त्याला आंतरसांस्कृतिक संवादाचे प्रशिक्षण हवे. प्रत्यक्षात गाडी ज्यावर चालते ते वेगळेच आहे.

खासगी क्रमांकांची पद्धत पाहावी. गाडीसाठी मार्ग मोकळा असल्याची संमती देताना, किंवा फाटक बंद असल्याची खात्री देताना, एक कर्मचारी दुसऱ्याला छापील पानावरील पुढचा अंक सांगतो. अंक क्रमाने नसतात, एकदा वापरला की खोडला जातो आणि दोन्हीकडच्या नोंदवहीत लिहिला जातो. समोरच्याचा आवाज ओळखीचा आहे का, तो कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, हिंदी कशी बोलतो, याने काहीच फरक पडत नाही. विश्वास माणसावर न ठेवता नोंदीवर ठेवलेला आहे. घाटात गाडी चालवण्याआधी चालकाला जाणत्या चालकाबरोबर ठरावीक फेऱ्या करून मार्ग शिकावा लागतो आणि तो शिकल्याची सही द्यावी लागते. वेगमर्यादेची सूचना तोंडी दिलेली चालत नाही, ती लेखी देऊन पोच घेतली जाते. पावसाळ्यात रुळावर गस्त घालणारे दोन माणसे आपापल्या हद्दीच्या टोकाला भेटून गस्तीच्या वह्यांची अदलाबदल करतात. वह्या बदलल्या नाहीत तर कोणीतरी पूर्ण अंतर चाललेले नाही हे सकाळी आपोआप कळते. लाल कंदील आणि रुळावर ठेवायचा फटाका-सिग्नल यांना तर कोणतीच भाषा लागत नाही.

या पद्धतींची मुळे वसाहतकाळात आहेत आणि त्या कर्मचाऱ्यांविषयीच्या अविश्वासातून आल्या हेही खरे. परंतु त्यांच्यामुळे एक गोष्ट साध्य झाली. परस्परांची भाषा नीट न जाणणारे, कधी परस्परांविषयी पूर्वग्रह बाळगणारे लोकही एका गाडीची सुरक्षितता सांभाळू शकतात. बहुविधतेच्या प्रकरणात 'दृष्टिकोन बदला' असा उपदेश पानोपानी असतो. दृष्टिकोन बदलेपर्यंत काम कसे चालवायचे, याची रचना शोधायची तर ती येथे सापडते.

अर्थात या रचनेतही एक भोक आहे. नियम वाचले व समजले, अशी हमी कर्मचाऱ्याने नोंदवहीत सही करून द्यायची असते. 'वाचले' आणि 'समजले' यांतले अंतर सही मोजत नाही. येथे भाषेचा प्रश्न खराखुरा उभा राहतो, आणि तो नेमका खालच्या पायरीवर उभा राहतो.

भिंती खात्यांच्या

रेल्वेच्या अपयशांचा शोध घेणाऱ्यांना भाषिक किंवा धार्मिक बहुविधता हे कारण सापडलेले नाही. त्यांना सापडली ती खातेनिहाय तटबंदी. वाहतूक, स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत, सिग्नल, लेखा, कार्मिक, भांडार अशा आठ स्वतंत्र वरिष्ठ सेवा, प्रत्येकीची वेगळी भरती, वेगळी बढतीची शिडी आणि वेगळा अभिमान. प्रकाश टंडन समिती (१९९४), राकेश मोहन समिती (२००१), सॅम पित्रोदा समिती (२०१२) आणि बिबेक देबरॉय समिती (२०१५) या सर्वांनी सेवा एकत्र करण्याचा आग्रह धरला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ डिसेंबर २०१९ रोजी आठही सेवांचे एकत्रीकरण मंजूर केले. पाच वर्षेही झाली नव्हती तोच, २०२४ मध्ये, तांत्रिक पदांसाठी अभियांत्रिकी सेवा परीक्षेद्वारे भरती पुन्हा सुरू करण्याचे ठरले. फलक बदलून संस्कृती बदलत नाही, आणि तांत्रिक ज्ञान ही खात्याची केवळ मिरासदारी नसते, हे दोन्ही धडे त्यातून मिळतात.

खात्यांच्या भिंतीची किंमत २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे दिसली. त्या अपघातात २९० हून अधिक प्रवासी मरण पावले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या जोडणीतील चुकीकडे बोट दाखवले गेले. त्याच अहवालात आणखी एक निरीक्षण होते. स्थानकातील सांध्यांचे वर्तन वारंवार असामान्य दिसत होते, ते स्थानकाकडून सिग्नल खात्याला कळवले गेले असते तर उपाय करता आला असता. एका खात्याच्या माणसाने जे पाहिले ते दुसऱ्या खात्यापर्यंत गेले नाही. त्याआधी, मे २०२२ मध्ये, खडगपूर विभागातच बांकडा नयाबाज येथे जोडणीतील चुकीमुळे तशाच प्रकारची घटना घडून गेली होती. तो अनुभवही योग्य जागी पोहोचला नाही. या दोन्ही ठिकाणी आंतरसांस्कृतिक प्रशिक्षणाच्या शिबिराने काय साधले असते?

कोणाची बहुविधता, कोणत्या पायरीवर

याचा अर्थ जात, धर्म, भाषा यांना संघटनेत स्थान नाही असा नव्हे. त्या असतात, पण पाठ्यपुस्तक शोधते त्या जागी नसतात. त्या पदांच्या उतरंडीत असतात. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे दाखवून दिले की अस्पृश्य कामगार गँगमन म्हणूनच राहतो, त्याला पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामेही करावी लागतात. एका पदाच्या अलिखित कर्तव्यांतून एक सबंध समाज त्या पदाबाहेर कसा राहतो, याचे इतके नेमके विश्लेषण आजच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात विरळाच. मनमाड ही त्याच कंपनीची रेल्वे, जिचा वारसा तिगावच्या स्थानकाला लाभला.

प्रतिनिधित्वाची मोजदादही जुनीच आहे. रेल्वेच्या दुय्यम सेवांतील मुसलमान व इतर अल्पसंख्याकांच्या प्रमाणावर के. एम. हसन यांचा अहवाल १९३२ मध्ये आला होता. २००६ च्या सच्चर समितीने रेल्वेतील मुस्लिम कर्मचाऱ्यांचे प्रमाण ४.५ टक्के आणि त्यांपैकी ९८.७ टक्के खालच्या श्रेणींत असल्याचे नोंदवले. या दोन आकड्यांत पहिल्याची चर्चा अधिक झाली. व्यवस्थापनाच्या दृष्टीने दुसरा अधिक बोलका आहे. ज्या गटाची जवळजवळ सर्व माणसे एकाच पायरीवर आहेत, त्यांचे अनुभव निर्णयाच्या टेबलापर्यंत जाण्यासाठी मधल्या कोणाची तरी मर्जी लागते. हीच गोष्ट गोंडी बोलणाऱ्या गँगमनलाही लागू आहे. त्यामुळे न्यायाचा प्रश्न आणि कार्यक्षमतेचा प्रश्न येथे वेगळे राहत नाहीत.

भरतीच्या बाबतीत तर रचनेतला बदल उपदेशापेक्षा किती उपयोगी ठरतो हे दिसून आले आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरती परीक्षेसाठी आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना कल्याण व मुंबई परिसरात मारहाण झाली. स्थानिकांना जाहिरातीच कळत नाहीत, ही मराठी तरुणांची तक्रार त्यामागे पुढे केली जात होती. मारहाणीचे समर्थन होऊ शकत नाही. तक्रारीत मात्र तथ्याचा अंश होता. २००९ नंतर परीक्षा हिंदी व इंग्रजीबरोबर उर्दू आणि प्रादेशिक भाषांतूनही घेण्याचे धोरण आले. प्रश्नपत्रिकेची भाषा बदलणे हा सहिष्णुतेवरील कोणत्याही व्याख्यानापेक्षा ठोस उपाय होता.

यशोगाथेची एक बाजू

रेल्वेच्या व्यवस्थापनावर सर्वाधिक गाजलेले पुस्तक म्हणजे सुधीर कुमार व शगुन मेहरोत्रा यांचे 'बँक्रप्सी टू बिलियन्स' (२००९). २००१ मध्ये राकेश मोहन समितीने रेल्वे कर्जाच्या सापळ्यात जात असल्याचा इशारा दिला होता. त्यानंतर लालूप्रसाद यादव यांच्या मंत्रिपदाच्या काळात मालवाहतूक २००३-०४ मधील ५५.७ कोटी टनांवरून २००७-०८ मध्ये ७९.४ कोटी टनांवर गेली. कर्मचारीकपात न करता, खासगीकरण न करता हे घडले, असा पुस्तकाचा दावा आहे आणि तो वजनदार आहे. वाघिणींच्या आसावरील भार सुमारे २०.३ टनांवरून २२.९ टनांवर नेणे आणि रिकामी वाघीण पुन्हा भरली जाण्याचा अवधी कमी करणे, या दोन निर्णयांना त्यात मध्यवर्ती स्थान आहे.

पुस्तकाची बलस्थाने मान्य करायला हवीत. राजकीय मर्यादा गृहीत धरून सुधारणा कशी आखावी, हे ते उदाहरणांसह दाखवते. भार वाढवायचा तर रूळ सांभाळणारे खाते, वाघिणी सांभाळणारे खाते आणि वाहतूक खाते यांना एका कागदावर आणावे लागते. म्हणजे हीसुद्धा खात्यांच्या भिंती ओलांडल्याचीच कथा आहे. मात्र लेखकांपैकी एक जण मंत्र्यांचे विशेष कार्याधिकारी होते, आणि कथन त्याच खुर्चीतून झाले आहे. नफ्याच्या आकड्यांबाबत डिसेंबर २००९ च्या श्वेतपत्रिकेने हिशेब मांडण्याच्या बदललेल्या पद्धतीवर आक्षेप घेतले, त्यामुळे आर्थिक दावे जसेच्या तसे वर्गात सांगणे इष्ट नाही.

आर्थिक वादापेक्षा मोठी उणीव दुसरी आहे. आसावरील भार अडीच टनांनी वाढला की त्याचा पहिला परिणाम रुळावर होतो आणि तो पहिल्यांदा दिसतो चावी-हातोडा घेऊन रोज तेच काही किलोमीटर चालणाऱ्या गँगमनला. घाटाच्या वळणावर रूळ किती झिजतो, पावसात कडेची माती कोठे सरकते, हे त्याला अभियंत्याच्या तपासणीआधी माहीत असते. चौदा लाखांच्या त्या संस्थेत ही माहिती वर येण्यासाठी कोणता मार्ग होता, याविषयी पुस्तकात फारसे काही हाती लागत नाही. कर्मचारी त्यात आहेत ते मुख्यतः वेतनखर्च आणि उत्पादकता या रकान्यांत. २०१२ मध्ये अनिल काकोडकर समितीने नियम करणारे, गाडी चालवणारे आणि तपासणारे हे सर्व अधिकार रेल्वे बोर्डाकडेच एकवटल्याचे दाखवून स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली. यशोगाथा आणि हा अहवाल वर्गात शेजारी शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत.

कम्युनिटी कॉलेजातील अनेक विद्यार्थी रेल्वे भरतीचे अर्ज भरतात आणि त्यांपैकी निवडले जाणारे बहुतांश पहिल्या पातळीवरच्या पदांवर लागतात. त्यांच्यापुढे लवकरच ती हमीची नोंदवही येते. नियमपुस्तिकेतला एखादा परिच्छेद समजला नाही तर सही करण्याआधी कोणाला विचारायचे, रुळात काही वावगे दिसले आणि वरिष्ठ दुसऱ्या खात्याचा असेल तर ते कोणत्या वहीत लिहायचे आणि पोच कशी मागायची, याविषयी बहुविधतेच्या प्रकरणात आज एक ओळही नाही.